पावसात करायचं काय, असं विचारलंस म्हणून

अंबरनाथ (पूर्व)
१३ जुलै २०२५

चि. बाळ्यास आत्याचे अनेक आशीर्वाद.

एका स्टेशनाच्या अंतरावर राहून आत्या पत्र कसलं लिहितेय, असं वाटलं असेल. फोनवर तुझं "हो आत्या, हो आत्या" सुरू झालं की मला कळतं, तू ऐकत नाहीयेस. कागद निदान उशीखाली तरी राहील. शिवाय जे लिहायचंय ते वहिनीच्या कानावर जायला नको. तिचं बीपी तुला ठाऊक आहे.

परवा शेजारच्या मुलीने तिच्या फोनवर एक व्हिडिओ दाखवला. कोंडेश्वरचं कुंड, गढूळ पाणी, वरच्या कातळावर पाच-सहा पोरं. त्यातला एक कमरेला हिरवा रेनकोट बांधून अगदी कडेला उभा, आणि मागून कुणीतरी ओरडतंय, "मार, मार!" त्याने उडी मारली की नाही ते दिसायच्या आतच व्हिडिओ संपतो. तिला म्हटलं, पुन्हा लाव. तिने पुन्हा पुन्हा लावला, मी चष्मा पुसून पुन्हा पुन्हा पाहिला. चेहरा दिसत नाही, पण उभं राहण्याची ढब तुझ्या बाबांची आहे. एक पाय पुढे, मान तिरकी. ही ढब आपल्याच घरात आहे रे, मी ती साठ वर्षं बघतेय. वहिनीला सहज फोन करून विचारलं, तर म्हणाली, "मित्राकडे प्रोजेक्टला गेला होता, भिजून आला." मी पुढे काही बोलले नाही.

तू नसशीलही. हिरवे रेनकोट बाजारात ढिगाने मिळतात. पण असशील तर?

दर पावसाळ्यात धबधब्यांवर जायला बंदीचा हुकूम निघतो, तो पेपरात छापायची हौस म्हणून निघत नाही. पोलीस रस्त्यावर उभे दिसले की तुम्ही मागच्या पायवाटेने जाता, हेही मला ठाऊक आहे. तुम्हाला वाटतं, कुंड म्हणजे पोहायची टाकी. टाकीचा तळ आज असतो तसाच उद्या असतो. कुंडात दर पुरात दगड सरकतात. गेल्या वर्षी जिथे पुरुषभर पाणी होतं तिथे यंदा डोकं आपटेल असा धोंडा येऊन बसलेला असतो, आणि गढूळ पाण्यात तो दिसत नाही. वरून पडणारं पाणी माणसाला खाली दाबतं, कातळाच्या पोटात आत ओढतं, तिथे चार वर्षांच्या क्लासमध्ये शिकलेलं पोहणं काय करणार? बुडतात त्यांतल्या पुष्कळांना पोहता येत असतं, बाळ्या. ज्याला येत नाही तो काठावर चपला सांभाळत बसतो.

आणि पाऊस तुमच्या डोक्यावर पडत असायला हवा असंही नाही. वर डोंगरात सर कोसळते, खाली ऊन पडलेलं असतं, तुम्ही फोटो काढत असता. मग पाण्याचा रंग बदलतो, वाहत्या काटक्या नि पाला येतो, आवाज जड होतो. हे कळेपर्यंत घोट्याएवढं पाणी कमरेला आलेलं असतं. गेल्या वर्षी ३० जूनला लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एका घरातली पाच माणसं वाहून गेली, ती पोहायला थोडीच गेली होती? पाण्याच्या मधल्या खडकावर एकमेकांना धरून उभी होती. तो व्हिडिओही आपण सगळ्यांनी पाहिला. तुझ्या बाबांनी टीव्ही बंद केला होता, आठवतं?

पाण्याशी आपल्या घराचं काय आहे ते तुला सांगायला नको, पण तू तेव्हा पोटात होतास. २६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला म्हणून जग मुंबईचंच बोलतं. बदलापुरात उल्हास नदी घरात शिरली होती त्याचं कुणाला काय? रमेशवाडीच्या त्या तळमजल्यावरून वहिनीला शेजारच्यांनी दुसऱ्या मजल्यावर नेलं. ती परक्यांच्या घरात रात्रभर भिंतीला टेकून बसली, आणि दादा ठाण्याच्या पुढे कुठेतरी रुळांवरून चालत होता. मी इथे अंबरनाथला, फोन बंद, दिवे बंद. नानांनी त्या रात्री देवापुढची समई विझू दिली नाही. सकाळपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. नंतर तू झालास तेव्हा मात्र म्हणाले, "याला पाण्याची भीती वाटणार नाही." कौतुकाने म्हणाले होते. आता वाटतं, म्हणाले नसते तर बरं.

आणि २०१९ साली तर तू आठवीत होतास, सगळं कळत होतं. बदलापूर-वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली, हजारावर माणसं आत, बाहेर सगळीकडे नदीच नदी. एनडीआरएफच्या बोटी आल्या, नौदल आलं, वरून हेलिकॉप्टर. तू शाळेच्या वहीत त्या हेलिकॉप्टरचं चित्र काढलं होतंस. चित्रात पाणीही काढलं होतंस की, तपकिरी खडूने.

जाऊ दे. आषाढीला खिचडी खायला आलास तेव्हा तू जे म्हणालास ते मी विसरलेले नाही. "आत्या, पावसात बदलापुरात करायचं काय? वन बीएचकेत चार माणसं, दोरीवर वाळत न वाळणारे कपडे, लाइट गेलेली, बाबांचा टीव्ही. डोकं फिरतं." मी तेव्हा हसले, पण तुझं खरं आहे. यंदा तर पाऊस २६ मेलाच येऊन बसला. आमच्या लहानपणी घर एवढंसंच होतं, पण बाहेर अंगण होतं, पडवी होती. तुम्हाला आम्ही सातव्या मजल्यावर नेऊन ठेवलं आणि म्हणतो, घरात बस.

तर मी बसून विचार केला, पावसात छपराखाली काय काय करता येतं. तू हसशील, पण वाच.

पहिलं म्हणजे रेड अलर्ट असेल त्या दिवशी कुठेच नाही. भरतीची वेळ बघ. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि वरून मुसळधार, असं जुळलं की मुंबईचं पाणी समुद्र घेत नाही, कुर्ला-शीवला रूळ बुडतात आणि तू दादरला अडकून पडतोस. मी नोकरीत असताना घड्याळाआधी भरतीचं कोष्टक बघायचे. अशा दिवशी घरी. कॅरम काढ. पावसात बोर्ड दमट होतो, सोंगटी चिकटते, हे कारण सांगू नकोस. बोर्ड आदल्या रात्री गॅसच्या ओट्याजवळ उभा करून ठेवला की सकाळी सोंगटी गुळगुळीत पळते, नानांची युक्ती आहे. नाना जन्मभर विमकोच्या काडेपेटी कारखान्यात, आणि पावसाळ्यात आमच्या घरात काडी पेटायची नाही, यावरून आई त्यांना किती बोलायची! पत्त्यांत मेंढीकोट शीक. बाबांना भागीदार घे. माणूस पत्ते खेळताना जे बोलतो ते एरवी बोलत नाही, आणि दादाला तुझ्याशी बोलायचं असतं, फक्त सुरुवात करता येत नाही.

नुसती रिपरिप असेल तर तुमच्या बदलापुरातच श्याम जोशींनी उभं केलेलं ग्रंथसखा आहे. कधी पाऊल टाकलंयस? लोक लांबून जुनी, दुर्मिळ मराठी पुस्तकं आणि मासिकं शोधत तिथे येतात, आणि तू स्टेशनवरून रिक्षात बसून त्याच गावात घरी जातोस. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं. ठाण्याला तर मी सुट्टीच्या दिवशी मुद्दाम जायचे. पावसात ओल्या छत्र्या दाराशी उभ्या, आत पंख्याखाली म्हातारे पेपर वाचत असायचे, पानं उलटल्याचा तेवढा आवाज. तुला पुस्तकांचा कंटाळा आहे, माहीत आहे. नुसता जाऊन बस. नाटक बघायचं तर कल्याणला अत्रे रंगमंदिर, डोंबिवलीला सावित्रीबाई फुले. तिकिटाचे पैसे मी देईन, कुंडावर खर्च होणाऱ्या पेट्रोलपेक्षा ते कमीच असतील.

बघ, पुन्हा कुंडावर आले. येणारच.

आपल्या अंबरनाथच्या देवळात तू श्रावणी सोमवारी रांगेत उभा राहिलायस, पण ते कधी पाहिलंयस? शके ९८२, म्हणजे १०६० सालचा शिलाहारांचा शिलालेख आहे तिथे. पाऊस बेताचा असला की सभामंडपात जाऊन नुसती मान वर करून उभं राहायचं. छताचं कोरीवकाम असं आहे की मान दुखते पण नजर खाली येत नाही. तिथून पायऱ्या उतरून गाभाऱ्यात गेलं की अंगावर गारवा येतो. बाहेरच्या भिंतींवरच्या मूर्ती मात्र पावसातच बघाव्यात, भिजलेला काळा दगड वेगळाच दिसतो. फक्त वालधुनी फुगली असेल तर नाही हं. तिचं पाणी देवळाच्या आवारापर्यंत येतं.

आता मुंबईचं सांगते, आणि हे सांगण्यासाठीच खरं तर पत्र लांबलं.

माझी ती उल्हासनगरच्या कॅम्प चारमधली मैत्रीण तुला आठवते का? तुझ्या मुंजीला दाल-पकवान घेऊन आली होती, आणि तिच्याकडे गेलं की आधी पाण्याबरोबर पापड हातात ठेवते, तीच. ती विठ्ठलवाडीला चढायची, मी तिची जागा धरून ठेवायचे. आमची सगळी उमर त्या लेडीज डब्यात गेली. तिथेच भाज्या निवडल्या, तिथेच हळदीकुंकू केलं. पावसात ऑफिस लवकर सुटलं की ती म्हणायची, चल, म्युझियम बघू, तिथे छप्पर आहे. मी म्हणायचे, घरी स्वयंपाक व्हायचाय. दर वेळी तेच. भायखळ्याला राणीच्या बागेतलं भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ सालापासून उभं आहे. आमची गाडी तिथे रोज दोनदा थांबायची आणि मी एकदाही उतरले नाही. जुन्या मुंबईतले धंदे करणारी माणसं मातीत घडवून ठेवलीत, जातीजातींच्या पगड्या, गलबतं, खेळ. घारापुरीला ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी एलिफंटा नाव दिलं तो दगडी हत्ती त्याच बागेत उभा आहे. हे सगळं मी रिटायर झाल्यावर पाहिलं. गुडघे दुखायला लागल्यावर.

रिटायर झाल्यावरच आम्ही दोघी एका पावसाच्या दुपारी काळ्या घोड्याजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात गेलो. १९२२ साली लोकांना खुलं झालेली ती घुमटाची इमारत, समोरून आयुष्यभर गेले होते. निमरूदच्या राजवाड्याचे दगड बघून झाले, मी कुठे बसायला मिळतं का बघत होते, आणि ही दिसेना. शोधायला मागे गेले तर एका कपाटापुढे उभी. आत भाजलेल्या मातीच्या बुद्धमूर्ती आणि नक्षीच्या विटा, पाटीवर मीरपूर खास, सिंध. सिंध १९३६पर्यंत मुंबई इलाख्यातच होता ना, तिथल्या स्तूपाच्या उत्खननातल्या वस्तू इथे आल्या त्या इथेच राहिल्या. तिचे वडील मीरपूर खासच्या बाजूचे. फाळणीत आले ते कल्याण कॅम्पात, त्याचं पुढे १९४९ साली उल्हासनगर झालं. ती जन्मली बराकीत. सिंध तिने पाहिलेलं नाही, पाहणार नाही. ती काचेला हात लावायला गेली तेव्हा पहारेकरी बोलला, तर तिने हात मागे घेतला आणि पदराने काचेवरची वाफ पुसली.

मला म्हणाली, "बाबा दर आठवड्याला मूळजी जेठा मार्केटमध्ये कापड आणायला यायचे. इथून चालत जायच्या अंतरावर. गठ्ठा घेऊन परत स्टेशनवर पळायचे, गाडी चुकेल म्हणून. त्यांना कुणी सांगितलंच नाही की त्यांच्या गावची वीट इथे ठेवलीय."

नंतर आम्ही बाहेरच्या पायऱ्यांवर बराच वेळ बसलो. पाऊस थांबला होता तरी बसलो. त्या दिवशी तिने माझ्या घरच्या स्वयंपाकाचं नाव काढलं नाही, मीही काढलं नाही.

तर तुझ्या "करायचं काय" या प्रश्नाला माझ्याकडे एवढंच उत्तर आहे रे. तुला ते पुरणार नाही, माहीत आहे. एकोणिसाव्या वर्षी काचेमागची वीट बघून अंगावर काटा येत नाही. पाण्यात उडी मारली की येतो.

आणि हे मला कुणी सांगायला नको. आता लिहितेच. तुझे बाबा तुझ्या वयाचे होते तेव्हा बदलापूरला मामाकडे गेले की उल्हास नदीत पुलावरून उड्या मारायचे. घरी येऊन सांगायचे, क्रिकेट खेळताना भिजलो. मी त्यांचे ओले कपडे आईच्या नजरेआड पिळून वाळत घालायचे. (हे मी सांगितलं असं म्हणायचं नाही.) मला कुणी एकदाही नेलं नाही. मुलगी ना. कोंडेश्वरचा धबधबा कसा कोसळतो, हे मी त्यांच्या तोंडून ऐकायचे आणि खिडकीच्या गजांना धरून पागोळ्या बघत बसायचे. दादा बोलता बोलता हाताने दाखवायचा, एवढ्या उंचावरून, असा. मला त्याचा इतका हेवा वाटायचा की जेवण जायचं नाही. तेव्हा धबधब्याची ओढ आत्याला काय कळणार, असं मनात आणू नकोस. तो व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा लावायला सांगितला, त्यात तुला ओळखण्याची धडपड होती हे खरं, पण पाणीही बघत होतेच.

रागावले असेन तर ती भीती समज. तू पाण्याला भीत नाहीस याचं नानांना कौतुक होतं, मलाही आहे. फक्त ते कौतुक करायला तू समोर असायला हवास.

एक कबूल कर. पाऊस ओसरू दे, कार्तिकात पाणी निवळलं की मला कोंडेश्वरला ने. देवळापर्यंत. मी कुंडाजवळ येणार नाही, तूही माझ्याजवळ थांबायचंस, आणि दादा मला हाताने दाखवायचा ती उंची खरी किती आहे ते लांबून दाखवायचंस. तो तेव्हा फुगवून सांगत असणार, अशी माझी खात्री आहे.

तोवर येत्या रविवारी अलर्ट नसेल तर माझ्याबरोबर मुंबईला चल. मैत्रीणही येते म्हणालीय, तिला त्या कपाटापुढे पुन्हा उभं राहायचंय, आणि आम्हा दोघींना आता गर्दीत चढताना मागून हात लावणारं कुणीतरी लागतं. आम्ही लेडीजमध्ये बसू, तू तुझ्या डब्यात कानात ते घालून बस, सीएसएमटीला मोठ्या बोर्डाखाली भेटू. म्युझियममध्ये कंटाळलास तर तू हत्यारांच्या दालनात जा, आमच्या मागे फिरायला हवं असं नाही. येताना कॅम्प चारला तिच्याकडे उतरून सिंधी कढी जेवून यायचं, असं तिने आधीच ठरवून टाकलंय.

पाकिटात पाचशेची नोट आहे. तिकिटाचे वजा करून उरलेल्याचं काय केलंस ते मी विचारणार नाही. व्हिडिओतला तो तूच होतास का, हेही विचारणार नाही. दादा-वहिनीशी मी यातलं काही बोललेले नाही, बोलणारही नाही, पण एवढं मात्र कर: बाहेर पडताना कुठे चाललास ते मला खरं कळवत जा. नुसतं गावाचं नाव लिहिलंस तरी चालेल, मी पुढे काही विचारणार नाही, उत्तरादाखल अंगठा तेवढा पाठवीन. तो पाठवायला आता शिकलेय.

तुला वालाचं बिरडं आवडतं म्हणून शनिवारी रात्री मुक्कामालाच ये. वाल भिजवून, मोड आणून, सोलायला दोन दिवस लागतात, तेव्हा येणार की नाही ते गुरुवारपर्यंत कळव.

तुझी,
आत्या